सहलीत भांडी कोण घासणार?



आपल्या औद्योगिक पट्ट्यात अख्ख्या कुटुंबाला एकत्र सुट्टी मिळणे कठीण. भोसरी-पिंपरीच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, मुलांच्या शाळेला रविवारी. त्यात तीन पाळ्या, आणि चाकणला जाणारी कंपनीची बस पहाटेच दारात. म्हणून भावाभावांची कुटुंबे रजा जुळवून, लोकलने लोणावळा गाठून एखाद्या बंगल्यात दोन दिवस राहतात, तेव्हा त्या आनंदाचे मोल मोठे असते.

पण घर मागे राहिले तरी स्वयंपाकघर सोबत येते. दहा-बारा माणसांचा चहा, पोहे, मटण, भाकरी. मुलांचे ओले कपडे. मोरीत भांड्यांचा ढीग. बहुतेक वेळा हे सारे आई, वहिनी आणि आत्या यांच्याच वाट्याला येते. पुरुष पत्ते खेळून ताजेतवाने होतात, बाया दमून परततात. मग विश्रांती मिळाली कोणाला?

बेथानीच्या घरात (लूक १०:३८-४२) मार्थाचा हाच प्रश्न होता. प्रभूने तिच्या काळजीला आवर घातला; तिच्या कामाला नावे ठेवली नाहीत. पुढे योहान १२:२ मध्ये बेथानीच्या जेवणात मार्था पुन्हा वाढताना दिसते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये २९ जुलै हा दिवस मार्था, मरिया आणि लाजर या तिन्ही भावंडांच्या स्मरणासाठी ठरवला. ऐकणारी मरिया आणि राबणारी मार्था, दोघींचाही मान त्यात आहे.

आता योहान २१:१-१४ पाहू. शिष्यांनी रात्रभर जाळी टाकली होती. आपल्या भाषेत ती त्यांची रात्रपाळीच. ते किनाऱ्यावर येतात तो निखारे फुललेले, त्यांवर मासळी, शेजारी भाकर! पुनरुत्थित प्रभूने थकलेल्यांसाठी स्वतः न्याहारी तयार केली होती. शिवाय त्यांनी धरलेल्या माशांतले काही आणायलाही सांगितले. प्रभू सेवा करतो आणि सर्वांना हातभार लावायला बोलावतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी श्रमाविषयी परिपत्रक काढले. घर सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या रोजच्या कष्टांची दखल कधीकधी त्यांच्या घरचेही घेत नाहीत, हे त्यांनी त्यात नमूद केले. देवाने काम केले आणि विसावाही घेतला, म्हणून दोन्ही माणसाचे आहेत, असेही शिकवले. ‘माणूस’ या शब्दात आपली आई येते, हे आपण विसरू नये.

काम वाटून घेतले की त्यातच जिव्हाळा वाढतो. आजोबा नातवाला लसूण सोलायला शिकवतात. गावच्या जमिनीवरून अबोला धरलेले भाऊ एकाच मोरीपाशी उभे राहतात. एक घासतो, दुसरा विसळतो, आणि बैठकीत न सुटलेली गाठ तेथे थोडी सैल होते.

पुढच्या सहलीआधी घरी एवढे ठरवू या :

१. कामांची यादी करून प्रत्येकापुढे नाव लिहावे, मुलग्यांचेही.

२. एक जेवण पुरुषांनी करावे, भाजी चिरण्यापासून मोरी धुण्यापर्यंत.

३. सर्वांनी एकाच पंगतीत बसावे. जेवणाआधीची प्रार्थना घरात सर्वाधिक राबणाऱ्या व्यक्तीला म्हणू द्यावी.

त्या किनाऱ्यावरचा प्रभू आपल्याही पंगतीला येवो.