अदृश्य दरवाजा

पुणे जिल्ह्यात राजगडाच्या पायथ्याशी पाली नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून वर जाणारी वाट पाली दरवाज्यापाशी पोहोचते. हा दरवाजा भव्य असून त्याला भक्कम बुरुजांची राखण आहे. परंतु गडाला हा एकच दरवाजा नाही. गुंजवणे दरवाजा आहे, संजीवनी माचीकडे आळू दरवाजा आहे आणि पद्मावती माचीवर एक लहानसा चोरदरवाजाही आहे. पाली दरवाज्यावर शंभर पहारेकरी उभे केले आणि चोरदरवाजा मात्र उघडा ठेवला, तर गड सुरक्षित राहील काय?

मुलांनो, आज पुष्कळ घरांतही असा एक दरवाजा असतो. पण तो डोळ्यांना दिसत नाही. राउटर नावाची लहानशी पेटी इंटरनेटशी जोडलेली असते आणि घरातील फोन व संगणक यांच्याशी ती रेडिओलहरींच्या साहाय्याने संपर्क ठेवते. या लहरी भिंतींना जुमानत नाहीत. त्या शेजाऱ्याच्या ओसरीवर व रस्त्यावरही जातात. म्हणून या दरवाज्याला कुलूप हवे. ते कुलूप म्हणजे पासवर्ड.

कुलूप नसले तर काय होते? २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचे आढळले. त्या वाय-फायला संरक्षण नव्हते. दुष्टांनी दुसऱ्याचा दरवाजा वापरला आणि चौकशीचा ससेमिरा मात्र एका निरपराध गृहस्थामागे लागला!

कधी कधी कुलूप असूनही चोरदरवाजा राहून जातो. जोडणी सोपी व्हावी म्हणून अनेक राउटरांत आठ अंकी क्रमांकाची सोय केलेली असते. आठ अंकांचे दहा कोटी क्रमांक होतात. इतके कोण तपासून पाहणार? परंतु २०११ साली असे उघडकीस आले की, राउटर पहिले चार अंक आणि उरलेले चार अंक वेगवेगळे तपासतो. शिवाय शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून काढता येतो. म्हणजे पहिल्या भागासाठी १०,००० व दुसऱ्यासाठी १,०००, असे फार तर ११,००० प्रयत्न पुरे होतात. संगणक हे काम काही तासांत करू शकतो.

मग उपाय कोणता? कारखान्यातून आलेला पासवर्ड प्रथम बदलावा आणि नवा लांबलचक ठेवावा. ती आठ अंकी सोय बंद करावी. निर्माते दोष दुरुस्त करून नवी आज्ञावली देतात, ती वेळच्या वेळी घ्यावी. ज्या जुन्या राउटरला अशी दुरुस्ती मिळेनाशी झाली, तो बदलावा.

गड केवळ उंच तटांनी राखला जात नाही. तो जागत्या पहाऱ्याने राखला जातो. आपल्या घरच्या अदृश्य दरवाज्याचे पहारेकरी आपणच आहोत.

स्वाध्याय
१. सानपाड्याच्या गृहस्थावर संकट का ओढवले?
२. दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्न कसे पुरतात, ते हिशेब मांडून सांगा.
३. लेखकाने राउटरला गडाच्या दरवाज्याची उपमा का दिली असावी?