माल पारखतो, मग हेल्मेट का पारखत नाही?



कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. नवे ठाण आले की आम्ही कापड चिमटीत धरून पाहतो, उजेडासमोर धरतो, एक धागा काढून जाळतो. धागा वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर, राख झाली तर सुती. मीटरमागे दोन रुपयांची फसगत होऊ नये म्हणून एवढी तपासणी! परंतु ज्या वस्तूवर माणसाचा जीव अवलंबून असतो, ती वस्तू आम्ही रस्त्याच्या कडेला, आत न पाहता विकत घेतली. त्याचीच ही हकीकत आणि त्यातून घेतलेला धडा.

आमच्या दुकानात वसुलीसाठी व नमुने दाखवण्यासाठी तीन मुले मोटारसायकलवर फिरत. पोलिसांची तपासणी वाढली तेव्हा आम्ही फुटपाथवरून तीन हेल्मेटे आणली. भाव पाडून घेतला याचा आनंदही झाला. पुढे त्यातील एक मुलगा मालेगाव-मनमाड रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून घसरला. वेग फार नव्हता. पण पडताच पट्ट्याचे बक्कल तुटले, हेल्मेट एकीकडे गेले आणि डोके डांबरावर आपटले. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. डोक्याला टाके पडले, उजव्या तळहाताची कातडी सोलून निघाली, पँटचे पॉलिस्टर गुडघ्याच्या जखमेत चिकटले. तीन महिने त्याला कात्री धरता आली नाही. त्याची आई दुकानात आली आणि एवढेच म्हणाली, "शेठजी, हेल्मेट तर तुम्हीच आणून दिलं होतं ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. ते हेल्मेट आम्ही उघडून पाहिले. बाहेर चकचकीत प्लास्टिक आणि आत स्पंजची एक पातळ पट्टी, बस्स!

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्यात होते. त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. कोक्रेन या संस्थेने २००८ साली अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात असे दिसून आले की, हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. धंद्यात एवढा नफा देणारा दुसरा माल आम्हांस तरी ठाऊक नाही.

हेल्मेटचे खरे काम आतल्या थर्माकोलचे

काचेचे सामान खोक्यात भरताना थर्माकोल का घालतात? धक्का बसला की थर्माकोल दबतो आणि काच वाचते. हेल्मेटमध्ये नेमके हेच घडते. बाहेरचे कवच आघात पसरवते व आतील जाड, घट्ट थर्माकोल स्वतः चिरडून आघात शोषून घेतो. स्पंज फक्त आरामासाठी असतो. म्हणून ज्यात नुसता स्पंज आहे ती टोपी समजावी, हेल्मेट नव्हे. एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. त्यामुळे जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे.

खरेदी करताना

१) आयएसआय चिन्ह व आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदेशीर आहे. खोट्या शिक्क्याचा मालही बाजारात येतो. तेव्हा चिन्हासोबतचा परवाना क्रमांक मोबाइलवरील बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून खात्री करावी.

२) माप घ्यावे. शिंप्याचा टेप भुवयांच्या थोडे वर ठेवून डोक्याभोवती फिरवावा व सेंटीमीटरमध्ये आकडा घ्यावा. घातल्यावर हेल्मेट गालांना घट्ट बसावे, मान हलवली तर डोक्यावर फिरू नये.

३) पट्टा लावून मागची कड पुढे ढकलून पाहावी. हेल्मेट डोक्यावरून निघून आले तर ते परत करावे. पट्टा व हनुवटी यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. दाढीवर पट्टा टोचतो म्हणून पुष्कळजण तो सैल ठेवतात किंवा लावतच नाहीत. अशा हेल्मेटचा उपयोग शून्य.

४) हेल्मेट पेट्रोल वा थिनरने पुसू नये; कवच कमकुवत होते. रात्री काळी काच वापरू नये.

टोपीबद्दल एक खुलासा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधील सवलत पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना आहे, टोपीला नाही. टोपी खिशात ठेवावी, मशिदीच्या दारात घालावी. मशीद चार गल्ल्यांवर असली तरी हेल्मेट हवेच.

कापडाची बाजू

आता आमच्या विषयाकडे येऊ. घसरताना अंगावरचे कपडे डांबरावर घासले जातात. पातळ सुती कापड क्षणात फाटते. पॉलिस्टर घर्षणाच्या उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. साधी जीन्स या दोहोंपेक्षा बरी, पण तीही फार काळ टिकत नाही. खरा टिकाव जाड चामड्याचा किंवा खास विणलेल्या मजबूत नायलॉनचा. त्यात कोपर, खांदे व गुडघ्यांसाठी गाद्या बसवलेल्या असतात. ज्यांना रोज लांबचा फेरा आहे त्यांनी असे जॅकेट जरूर घ्यावे. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी निदान जाड पँट, पूर्ण बाह्यांचे जाड जॅकेट व घोटा झाकणारे बूट वापरावेत. चपलेवर गाडी चालवू नये.

कारागिरांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पडताना माणूस आधी हात टेकतो. शिंपी, रफूगर, जरीवाले, सोनार, सर्वांचे भांडवल म्हणजे हाताची बोटे. दुकानाला कुलूप लावतो, मग बोटांना उघडे का सोडायचे? तळव्याला चामड्याचा दुहेरी थर असलेले हातमोजे घ्यावेत.

जे कापड वाचवते तेच चाकात गेले तर जीव घेते. ओढणी, बुरखा, साडीचा पदर मागच्या चाकात किंवा साखळीत अडकून अपघात होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, तसेच मागे बसणाऱ्यासाठी पकड व पाय ठेवण्याची जागा असणे आवश्यक आहे. साडीगार्ड दिसायला बरा नाही म्हणून काढून टाकू नये. निघण्यापूर्वी ओढणी, बुरखा आवरून घ्यावा, आणि मागे बसणाऱ्या घरच्या माणसालाही चांगलेच हेल्मेट द्यावे. चार वर्षांवरील मुलालाही कायद्याने ते सक्तीचे आहे.

मालकाचा हिशेब

२०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना रद्दबातल अशी तरतूद आहे. पण आमची चूक हीच झाली की आम्ही दंडाचा हिशेब केला, डोक्याचा केला नाही. तीन हेल्मेटांमागे काही शे रुपये वाचवले आणि औषधपाणी, तीन महिन्यांचा पगार व बुडालेली वसुली यांत त्याच्या कितीतरी पट घालवले. त्या आईच्या प्रश्नाचा तर हिशेबच नाही.

दुकानाच्या कामासाठी आपण ज्याला रस्त्यावर पाठवतो तो त्याच्या घरच्यांची आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. आता आमच्याकडे प्रत्येकाच्या मापाचे हेल्मेट व हातमोजे दुकानाच्या खर्चाने येतात. पट्टा लावल्याशिवाय गाडीची किल्ली मिळत नाही. तो मुलगा पुन्हा कामावर आला आहे. सकाळी सर्वांचे पट्टे तोच तपासतो.

आपल्या दुकानातील हेल्मेट आजच उलटे करून आत पाहावे. थर्माकोल नसेल तर ते फेकून द्यावे. कोणाला विकू नये, फुकटही देऊ नये.