जिबची दोरी बसल्या जागेवरून सुटली पाहिजे

एंटरप्राइज ही दोघांची होडी आहे, हे मला कोणी शिकवायला नको. नागपूरला एनसीसीच्या नौदल विभागात असताना अंबाझरी तलावावर मी तिच्यातच शिकलो. मागचा सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो, पुढचा जोडीदार जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, सांभाळतो. पण भंडाऱ्यात पुढे बसायला जोडीदार आणायचा कुठून? म्हणून मुंबईहून जुनी होडी घेताना विकणाऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. मी एकटा चालवणार आहे, जिबची दोरी मला माझ्या जागेवरून सोडता आली पाहिजे. "करून देतो साहेब," म्हणाला. दोरी दातांत पकडून ठेवणाऱ्या नव्या क्लीटचे, दोरीचे आणि मजुरीचे वेगळे पैसे घेतले आणि होडी ट्रकवर चढवली. आज तोच चारचौघांत सांगतो की भंडाऱ्याच्या माणसाला शीड कळत नाही.

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात उन्हाळ्यातल्या दुपारी वारा कसा असतो, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगून पटत नाही. समुद्रावरचा वारा बहुधा एका दिशेनं आणि एका लयीत येतो. आमच्याकडे तापलेल्या जमिनीवरून, झाडांच्या रांगेआडून, बांधावरून तुटक तुटक येतो. मधेच पूर्ण पडतो आणि दुसऱ्याच अंगानं दणका देतो. समुद्रावर जिबची दोरी क्लीटमध्ये अडकवून बराच वेळ विसरली तरी चालतं. इथे ती सतत सोडावी, ओढावी लागते. मुद्दा एवढाच होता आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला मी तो सांगितलाही होता.

एके दिवशी असाच दणका आला तेव्हा मी जे करायचं तेच केलं. वाऱ्याकडच्या काठावर बाहेर झुकलो आणि मोठ्या शिडाची दोरी सोडली. होडी सरळ व्हायला हवी होती, झाली नाही. उलट नाक वाऱ्यापासून लांब वळायला लागलं आणि वेग वाढला. मोठं शीड डोलकाठीच्या मागे असतं, ते होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवतं. जिब पुढे असतं, ते तोंड वाऱ्यापासून दूर ओढतं. मागचं सैल सोडलं आणि पुढचं ताठच राहिलं, की तोल मोडतो आणि होडी जिबच्या ताब्यात जाते. मी जिबच्या दोरीला वर झटका दिला. सुटली नाही. पुन्हा दिला. दोरी क्लीटच्या दातांतच. समोर पाण्याबाहेर आलेले बुडीत झाडांचे वाळके शेंडे दिसत होते. क्लीट हातानं सोडवायचं तर वाऱ्याआडच्या, म्हणजे आधीच पाण्याला टेकलेल्या काठाकडे जावं लागणार आणि माझं वजन तिकडे गेलं की होडी उलटणार. दोन्हीकडून तेच. तेवढ्यात डोंग्यातून जाळं ओढणारा एक ढिवर मच्छीमार लांबून ओरडला, "भाऊ, पुढचा कपडा सोडा ना जी! तोच तं खिचून रायला नावेले!"

ज्यानं जन्मात जिब वापरलं नाही, त्याला लांबून कळलं. ज्यानं पैसे घेऊन क्लीट बसवलं, त्याला अजून कळत नाही.

होडी आडवी झाली. लाइफ जॅकेट अंगात होतं, मच्छीमार भाऊंचा डोंगा जवळ होता, म्हणून निभावलं.

काठावर आणून पाहिलं तेव्हा सगळं उघड झालं. क्लीट पुढच्या जोडीदाराच्या बसण्याच्या रेषेत पक्कं ठोकलेलं होतं. मी बसतो मागे. तिथून ओढलं की दोरी तिरकी जाऊन एका दाताला घासत राहते, वर उचललीच जात नाही. त्यात क्लीटवर प्लास्टिकची कमान. दोरी दातांतून निसटली तरी हाताशी राहावी म्हणून ती असते, पण इथे ती इतकी बुटकी होती की दोरी उचलायला जागाच नव्हती. आणि दोरी होती दहा मिलिमीटरची नायलॉनची. नायलॉन ताणतं, पाणी पितं, फुगतं. लहान क्लीटमध्ये ओलं नायलॉन म्हणजे पाचर. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "झटका जोरात द्यायचा असतो." नंतर म्हणे, दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तुम्हाला तलाव जमत नाही?

दोंदे २००९च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले आणि २०१०च्या मे महिन्यात परतले. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ही तुलना जास्त झोंबली. त्यांची म्हादेई छप्पन्न फुटांची, खाली जड कील असलेली बोट. सुकाणू धरायला तिच्यावर यंत्रणा होती, दोऱ्यांना विंच होते. माझी होडी सव्वातेरा फुटांची, नव्वदेक किलोची, खाली फक्त वरखाली होणारी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड. तिचा तोल माझं अंगच राखतं आणि माझा एक हात कायम टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर असतो. अशा होडीत दोरी अडकण्याची किंमत काही क्षणांत चुकवावी लागते. बरं, समुद्राशिवाय शीड शिकता येत नाही म्हणणाऱ्यांनी देवास जिल्ह्यातल्या नेहा ठाकूरकडे पाहावं. भोपाळच्या बड्या तलावावर शिकून तिनं २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. आणि तिच्या आयएलसीए-४ होडीला जिबच नसतं. एकट्यानं चालवायच्या लेझर, ऑप्टिमिस्टसारख्या होड्या एकाच शिडाच्या असतात, ते उगाच नाही.

आता ज्यांच्याकडे जिबवाली होडी आहे आणि जोडीदार नाही, त्यांच्यासाठी.

क्लीट फिरत्या बैठकीवरचं घ्या, म्हणजे तुम्ही ज्या बाजूला जाल तिकडे त्याचं तोंड वळतं. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या पुलीतून फिरवून होडीच्या मध्यावर, सेंटरबोर्डच्या पेटीजवळ आणता आल्या तर फारच उत्तम, कारण खालच्या काठाकडे जायची वेळच येत नाही. क्लीटखाली पाचर घालून त्याचा कल ठरवा. बाहेर झुकून सरळ ओढलं तर दोरी अडकली पाहिजे आणि हात थोडा वर नेऊन झटका दिला तर सुटली पाहिजे. पाचर जास्त उंच झाली तर सुटत नाही, कमी झाली तर नको तेव्हा सुटते. माझ्या पाचरी भंडाऱ्यातच एका पितळेच्या कारागिरानं घासून दिल्या. मुंबईच्या बिलाच्या मानानं पैसे नाममात्र, आणि बसवायच्या आधी तो स्वतः होडीत बसून कोन बघून गेला.

दोरी पॉलिएस्टरची, आठ मिलिमीटरपर्यंत. दोन वेगळ्या दोऱ्या घेऊ नका. एकच लांब दोरी मधोमध दुमडून तिचा फास जिबच्या मागच्या कोपऱ्यात ओवा, तिथे लोखंडी शॅकल नको, वाऱ्यात फडफडताना ते डोळा फोडेल. दोन्ही मोकळी टोकं होडीत एकमेकांना बांधा. मग कुठल्याही काठावर बसलात तरी एक भाग हाताशी असतोच.

टॅक घेताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना, नव्या बाजूची ढील आधीच काढून ठेवा. नाक वाऱ्यातून जाताना जिब फडफडलं की जुनी बाजू सोडा, शीड भरण्याआधी नवी ओढा. भरलेलं जिब एका हातानं ओढायला गेलात तर टिलर सुटणार. आणि दणक्याच्या वाऱ्यात मोठं शीड सोडलं की लगेच जिबही सोडा. हे शिकवणारे फार कमी भेटतात, कारण त्यांच्याकडे जिबला कायम दुसरा माणूस असतो.

दम खायचा असेल तर जिब न सोडता टॅक घ्या. ते उलटं भरतं. मोठं शीड सैल करा, टिलर वाऱ्याआडच्या बाजूला ढकलून धरा. होडी जवळजवळ थांबते. पाणी प्यायला, गाठ तपासायला तेवढा वेळ पुरतो.

वारा फारच लहरी असेल तर जिब गुंडाळून ठेवा आणि नुसत्या मोठ्या शिडावर जा. होडी वाऱ्याकडे जास्त वळायला लागेल, तेव्हा सेंटरबोर्ड थोडं वर घ्या. स्पर्धेत उतरायचं नसेल तर डोलकाठीपुढे आडवी पट्टी टाकून आपोआप बाजू बदलणारं लहान जिबही लावता येतं, टॅक घेताना दोरीला हात लावावा लागत नाही. मी अजून लावलेलं नाही.

बाकी नेहमीचं. लाइफ जॅकेट, घरी सांगून जाणं, ढग दाटले तर न जाणं, धरणाच्या दरवाजांपासून लांब राहणं.

आणि विकत घेण्याआधी ही चाचणी कराच. होडी जमिनीवर एका कुशीवर कलती करा, दोरी भिजवा, एका माणसाला जिबच्या कोपऱ्याच्या जागेवरून जोर लावून ओढायला सांगा आणि तुम्ही वरच्या काठावर झुकून दोरी सोडून बघा. दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा. एकदा जरी अडकली तरी पैसे देऊ नका. बिलावर 'एकट्यानं चालवण्यासाठी' हे शब्द लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'क्लीट, दोन नग' आहे आणि त्याच्याच जोरावर विकणारा आता हात झटकतो आहे.