प्लॅस्टिकचा सुरुंग कसा सापडतो?

प्रश्न : भूसुरुंग शोधणारी माणसे मेटल डिटेक्टर फिरवताना दिसतात. पण सुरुंग प्लॅस्टिकचा असेल तर?
— एक वाचक, जालना

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. कंबोडियातल्या शेतकऱ्यांच्या जिवावर उठलेली अडचण नेमकी हीच. अमेरिकी एम-१४ सुरुंग आणि त्याची व्हिएतनामी नक्कल जेमतेम साडेपाच सेंटिमीटर रुंद, चार सेंटिमीटर उंच. सगळे अंग प्लॅस्टिकचे. धातू म्हणाल तर आतली एक बारीक पिन. तेवढ्यासाठी डिटेक्टर तीक्ष्ण करावा, तर जुन्या रणभूमीतला प्रत्येक खिळा आणि बॉम्बची प्रत्येक कपची त्याला वाजवते. दर वेळी माणसाने गुडघ्यांवर बसायचे, सळई तिरपी खुपसून माती चाचपायची, हळूहळू उकरायचे. बहुतेक वेळा हाती गंजका पत्रा.

म्हणून जोडीला मायक्रोवेव्ह रडार आले. त्याचे मर्म स्वयंपाकघरात पाहता येते. बोरोसिलिकेट काचेची कांडी पाण्यात धरा, ती दिसते. तीच शेंगदाण्याच्या तेलात बुडवा, जवळजवळ नाहीशी होते! तेलात आणि त्या काचेत प्रकाशाचा वेग सारखाच, मग परतून येणार काय? रडारलाही वस्तू दिसत नाही, दिसतो तो वस्तू आणि माती यांच्यातला फरक. लहरीचा वेग ठरवणाऱ्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने हा फरक मोजतात. पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या वाळूचा ३ ते ५, प्लॅस्टिकचा आणि टीएनटीचा ३ च्या आसपास. त्यामुळे कोरड्या वाळूतला सुरुंग म्हणजे तेलातली कांडीच. माती थोडी ओली झाली की तो उठून दिसतो. पण फार ओली झाली की पाणी लहरीच गिळून टाकते. तुमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात हेच होते. चिकणमाती आणि पाणी मिळून लहरींना खोल जाऊच देत नाहीत.

लहर किती लांबीची घ्यायची, हीही ओढाताणच. लांब लहर खोल जाते, पण तिला बारीक काही दिसत नाही. ३ गिगाहर्ट्झची लहर हवेत १० सेंटिमीटरची असते. दमट मातीत ती ३ सेंटिमीटरच्या घरात येते आणि एवढासा सुरुंगही तिला जाणवतो. माणसाला मारणारे सुरुंग बहुधा वरच्या वीतभर मातीतच पुरतात, तेव्हा खोलीची फारशी निकड नसते. लहर आखूड असल्याने अँटेनाही छोटा पुरतो, आणि यंत्र हातात मावते.

जपानच्या तोहोकू विद्यापीठातील मोतोयुकी सातो यांनी बनवलेले 'ॲलिस' याच जातीचे. कंबोडियात ते वापरात आले. एका दांड्यावर मेटल डिटेक्टर आणि रडार दोन्ही. यंत्र सुरुंगाच्या बाजूला असताना रडारचा पडसाद उशिरा येतो, बरोबर वर असताना लवकर. सगळे पडसाद शेजारी मांडले की कमानीसारखी रेघ उमटते. दांडा कोणत्या क्षणी कुठे होता याची नोंद ठेवून संगणक ती कमान पुन्हा एका ठिपक्यात गोळा करतो. हात वाकडातिकडा फिरला तरी चालते, हे मला या यंत्राचे मोठेपण वाटते. जीव मुठीत धरून फिरणारा हात सरळ रेषेत कसा चालेल?

पडद्यावर धातूची आणि रडारची अशी दोन चित्रे येतात. नुसता खिळा असेल तर धातूचा ठिपका येतो, रडारवर काहीच विशेष नाही. दोन्ही चित्रांत एकाच जागी गोल आकार उमटला, की माणूस दांडा बाजूला ठेवतो आणि सळई हातात घेतो.