विजेच्या मालमोटारीची बॅटरी किती झिजली?

मोटारगाडी जुनी झाली की तिचे इंजिन खडखडू लागते, धूर ओकते, तेल पिऊ लागते. जाणता चालक नुसत्या आवाजावरून तिचे वय सांगतो. विजेवर चालणारी मालमोटार मात्र म्हातारी होताना कसलाच आवाज करीत नाही. तिचे म्हातारपण बॅटरीत असते, आणि बॅटरी ही तर एक बंद पेटी. गाडीच्या किमतीचा फार मोठा भाग या पेटीचाच असल्यामुळे ती किती झिजली, हे कळणे गाडीवर पोट असणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ही झीज कारखान्यात न जाता, घरच्या विजेच्या मीटरवर, शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाच्या बळावर मोजता येते. ती कशी, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल एक गाडी डोळ्यांपुढे ठेवू. टाटा कंपनीने २००५ साली ‘एस’ नावाची लहान मालमोटार बाजारात आणली. पुणे-हैदराबाद महामार्गालगतच्या आमच्या राजेश्वरसारख्या गावी ‘छोटा हाथी’ म्हटले की ती लागलीच ओळखू येते. तिचीच विजेवर चालणारी आवृत्ती मे २०२२ मध्ये निघाली. तिच्या बॅटरीची क्षमता २१.३ किलोवॅट-तास आहे. एक किलोवॅट-तास म्हणजेच आपल्या वीजबिलातील एक युनिट होय. एकदा बॅटरी पूर्ण भरली की गाडी १५४ किलोमीटर जाते, असे तिच्या प्रमाणपत्रात म्हटले आहे. अर्थात हा आकडा चाचणीच्या परिस्थितीतला आहे. तुरीची पोती लादून वैशाखाच्या उन्हात धावणाऱ्या गाडीने तेवढीच मजल मारावी, ही अपेक्षा योग्य होणार नाही.

आता झीज म्हणजे काय ते पाहू. या बॅटरीच्या प्रत्येक घटात दोन विद्युद्ग्रे असतात. एक ग्रॅफाइटचे, दुसरे लोह व फॉस्फेट यांच्या लिथियमयुक्त संयुगाचे. चार्जिंग करताना लिथियमचे आयन दुसऱ्याकडून पहिल्याकडे जातात आणि गाडी चालताना परत फिरतात. या संयुगाचा विद्युद्ग्र म्हणून उपयोग दाखविणारा शोधनिबंध १९९७ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत जॉन गुडइनफ यांच्याआधी पाढी व नंजुंडस्वामी ही दोन नावे छापलेली आहेत. ती वाचून आमच्याप्रमाणेच वाचकांनाही आनंद वाटेल. गुडइनफ यांना पुढे २०१९ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याबरोबर व्हिटिंगहॅम आणि योशिनो हे दोघे मानकरी होते.

ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्या चार्जिंगपासूनच एक अतिसूक्ष्म थर बसू लागतो. तो घटाचे रक्षण करतो, पण त्या बदल्यात थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. अडकलेले लिथियम पुन्हा ये-जा करीत नाही. तेवढी बॅटरीची साठवण कमी झाली. हा थर प्रारंभी झपाट्याने वाढतो आणि जाड होईल तसतसा त्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिल्या वर्षी क्षमता दोन-तीन टक्के घटलेली दिसली, तर त्याच गतीने पुढचा हिशेब करून घाबरून जाऊ नये. उष्णतेने मात्र ही क्रिया बळावते. तपमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. बीदर-कलबुर्गीकडच्या चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्यात गाडी उघड्यावर, त्यातही बॅटरी काठोकाठ भरून दिवसेंदिवस उभी ठेवणे का वाईट, ते यावरून ध्यानात येईल.

कोणी म्हणेल, चालकासमोरील फलकावर बॅटरीचे टक्के दिसतातच की! येथेच पुष्कळांची फसगत होते. गाळ साचलेली विहीरही पावसाळ्यात काठोकाठ भरते. वरून पाहणाऱ्याला ती पूर्ण भरलेली दिसते, पण मोटेने पाणी उपसू लागल्यावर दोन वाफे आधीच ती आटते. फलकावरील १०० हा आकडा तसाच आहे. आज जेवढी साठवण उरली आहे तिचे ते शंभर टक्के होत. नव्या बॅटरीच्या मानाने ती किती, हे त्यात येत नाही.

गाडी किती किलोमीटर गेली यावरूनही खात्रीचा निष्कर्ष निघत नाही. ओझे वाढले, चाकांतील हवा कमी झाली, आषाढात उमरग्याकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून आला, तरी पल्ला घटतो. या सर्वांचे खापर बॅटरीवर फोडून चांगली बॅटरी बदलण्याचा खर्च कोणी करू नये.

तेव्हा वीजच मोजावी. बॅटरी वापरून सुमारे २० टक्क्यांवर आणावी. गाडी दोन-तीन तास सावलीत थंड होऊ द्यावी. मग फलकावरील टक्के आणि मीटरवरील आकडा वहीत लिहून चार्जिंग सुरू करावे व ते १०० टक्के होऊन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. शेवटी मीटरचा आकडा पुन्हा टिपावा. मध्येच वीज गेली तरी प्रयोग बिघडत नाही. मीटर तेथेच थांबतो आणि वीज आल्यावर पुढे चालू लागतो.

मीटरवर घरातील पंखे, दिवे, शीतकपाट यांचाही भार असतो, त्याचा बंदोबस्त केला पाहिजे. चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर असल्यास उत्तमच. नसल्यास मीटरवर लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्याचा उपयोग करावा. एका युनिटला तो दिवा किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेले असते. समजा, ती संख्या ३२०० आहे, आणि चार्जिंग बंद ठेवून मोजले असता ३ मिनिटांत १६ लुकलुकी आल्या. म्हणजे ३ मिनिटांत १६ भागिले ३२००, अर्थात ०.००५ युनिट, तासाला ०.१ युनिट. चार्जिंगला ७ तास लागले असतील तर घरचा भार ०.७ युनिट धरावा. रात्री घरातील भार फारसा बदलत नाही, म्हणून हा प्रयोग निजानीज झाल्यावर करणे बरे.

आता गणित. समजा, गाडी नवी असताना २० पासून १०० टक्क्यांपर्यंत भरण्यास घरचा भार वजा जाता १९.६ युनिट लागले होते. तीन वर्षांनी त्याच रीतीने मीटर १८.६ युनिटांनी पुढे गेला. त्यातून ०.७ वजा करता १७.९ उरले. १७.९ ला १९.६ ने भागून शंभराने गुणिले असता सुमारे ९१ येतात. बॅटरीची ९१ टक्के साठवण शिल्लक आहे. ९ टक्के झिजली. वजाबाकी विसरली असती तर उत्तर ९५ आले असते, आणि झीज निम्म्याच्या जवळपास लपली असती!

मीटरमधून गेलेली सर्व वीज बॅटरीत पोहोचत नाही. दहा-पंधरा टक्के वीज चार्जरच्या व तारांच्या उष्णतेत जाते. चार्जर तोच असेल, ऋतू तोच असेल, तर ही गळती दोन्ही वेळा जवळजवळ सारखीच असते आणि भागाकारात निघून जाते. पण पहिल्या दिवसाची नोंदच नसेल, जुनी गाडी विकत घेताना बहुधा नसतेच, तर गळतीचा अंदाज करण्यावाचून गत्यंतर नाही. वरचे १७.९ युनिट घ्या. गळती दहा टक्के धरली तर पूर्ण साठवण २०.१ युनिट येते, पंधरा टक्के धरली तर १९.०. कारखान्याच्या २१.३ शी ताडून पाहता एकाच गाडीची बॅटरी ९४ टक्के किंवा ८९ टक्के, दोन्ही म्हणता येईल. एवढ्या फरकावर सौदा फिरू शकतो. म्हणून गाडी दारात आली त्याच आठवड्यात पहिली नोंद करून ठेवावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पुढे गाडी विकताना ती वही मालकाच्याच उपयोगी पडेल.

२० ते १०० हा लांबचा टप्पा का घ्यावयाचा? टक्क्यांचा आकडा प्रत्येक टोकाला अर्ध्या टक्क्याने चुकू शकतो. ८० टक्क्यांच्या टप्प्यात दोन्ही टोकांची मिळून एका टक्क्याची चूक क्षुल्लक होय. ८० ते ९० एवढ्याच टप्प्यात तीच चूक दहात एक पडते. शिवाय लोह-फॉस्फेटच्या घटाचा विद्युद्दाब मधल्या टप्प्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. त्यावरून गाडीच्या यंत्रणेलाही टक्के नीट ओळखता येत नाहीत. ती आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाचा जमाखर्च ठेवते आणि पूर्ण चार्जिंग झाले की तो जमाखर्च दुरुस्त करते. यास्तव प्रयोगापूर्वी एकदा बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, म्हणजे २० हा आकडाही विश्वासार्ह ठरेल.

बॅटरीची पेटी उघडणे किंवा तिच्या तारांना मापक लावणे हे मात्र विद्यार्थ्यांनी कदापि करू नये. तेथील विद्युद्दाब प्राणघातक असू शकतो. आमच्या प्रयोगाला वही, पेन्सिल आणि घड्याळ पुरे. वर्षातून एकदा, त्याच महिन्यात, तो करावा.

साठवण ८० टक्क्यांवर आली की बॅटरीचे गाडीतील आयुष्य संपत आले, असे मानण्याचा प्रघात आहे. तरी हा निर्णय फेऱ्या पाहूनच घ्यावा. रोज हुमनाबादला एक खेप करून परतणाऱ्यास ८० टक्केही पुष्कळ होतात. सोलापूरची खेप करणाऱ्यास नवी बॅटरीही वाटेत भरावी लागेल. गाडीतून काढलेली बॅटरी सौरविजेच्या साठवणीसाठी आणखी काही वर्षे कामी येते, आणि तिची किंमत ठरविताना वहीतील शेवटचा आकडा पुन्हा पाहावा लागतो.