हळू बातम्या कशा ऐकाव्यात

पुणे

चि. मनू,


जयपुरात जर्मन भाषेची गाइड व्हायचं तू ठरवलंस हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. डॉयचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या रोज ऐकतेस, पण महिना झाला तरी काही पुढे सरकत नाही, असंही ती म्हणाली. म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

साधन उत्तम आहे. सोमवार ते शनिवार रोज नवं वार्तापत्र, तेही फुकट आणि शब्दन् शब्द छापील मजकुरासह. फक्त तो मजकूर समोर उघडा ठेवून ऐकू नकोस. वाचतात डोळे, आणि आपल्याला वाटतं ऐकलं कानांनी. आधी घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात जगाच्या बातम्या वाचून घे, म्हणजे विषय ओळखीचा होईल. मग अख्खं वार्तापत्र नको, एकच बातमी घे. कोण, कुठे, काय झालं, एवढं मराठीत वहीत उतरव. पुन्हा ऐक. अडलं तिथे खूण कर आणि शेवटी मजकूर उघड. पुष्कळदा दिसेल की शब्द तुला येतच होता, कानाने तो ओळखला नव्हता. तेवढाच तुकडा निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हण. घरचे हसले तर हसू देत.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीच्या वळणाने ऐकणाऱ्याचा धीर तिथे सुटतो. आपण तर मराठीत जन्मभर क्रियापदाची वाट पाहतच ऐकत आलो. आकड्यांचंही तसंच. २४ म्हणताना जर्मन माणूस आधी चार म्हणतो, मग वीस, आपल्या चोवीससारखाच. तू मात्र आकडे इंग्रजीतून मोजतेस, त्यामुळे २४ चे ४२ होतात. आमेर किल्ल्याच्या तिकीट-खिडकीपाशी हे चालणार नाही. बातमीतला प्रत्येक आकडा ऐकता ऐकता अंकांत लिहीत जा.

कामासाठी भाषा शिकणारा एक माणूस तुझ्याच शहरात होऊन गेला. सवाई जयसिंगांच्या पदरी जगन्नाथ सम्राट होते, मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. संस्कृतचे पंडित, पण राजाच्या इच्छेखातर अरबी आणि फारसी शिकले. युक्लिडची भूमिती अरबीवरून त्यांनी ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणली, टॉलेमीचा खगोलशास्त्राचा ग्रंथही आणला. पुढे १७४० मध्ये बव्हेरियाचे दोन जेझुइट पाद्री जयसिंगांच्या बोलावण्यावरून जयपुरात आले. जर्मन प्रवाशांना हे सांगशील तेव्हा ते कान टवकारतील. आणि जगन्नाथांचं उदाहरण तुला स्वतःलाही हवं आहे: परकी भाषा ते एका ठरलेल्या कामासाठी शिकले.

तुझं काम बोलण्याचं आहे, म्हणून हळू बातम्यांवर थांबू नकोस. सावकाश वाचताना शब्द सुटे सुटे उभे राहतात. बोलताना ते एकमेकांत शिरतात. ‘हाबेन वीर’चं बव्हेरियाच्या माणसाच्या तोंडी ‘हामा’ होतं. वही भरत आली की तीच बातमी नेहमीच्या वेगात ऐक. शिवाय कुणाचं म्हणणं सांगताना बातमीत ‘झाय’, ‘हाबे’ अशी जी खास रूपं येतात, ती ओळखण्यापुरती शीक. प्रवाशांशी तसं बोललीस तर वर्तमानपत्र वाचून दाखवते आहेस असं वाटेल.

रविवारी वार्तापत्र नसतं. त्या दिवशी जंतरमंतरला जा. सम्राट यंत्रापाशी, म्हणजे त्या मोठ्या सूर्यघड्याळापाशी, जर्मन गट आला की जवळपास उभी राहा आणि प्रवासी आपसांत काय विचारतात तेवढं ऐक. किती उंच, असं हमखास विचारतील: सुमारे २७ मीटर. सावलीवरून २ सेकंदांपर्यंत अचूक वेळ कशी कळते, हेही विचारतील. त्याचं उत्तर जर्मनमध्ये तयार कर, पाच-सहा वाक्यांत, न वाचता, आणि फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. चुका मी दुरुस्त करून देईन.

तुझी,
मावशी