छातीत धडधडते तेव्हा

मार्च महिना. शालान्त परीक्षेचा पहिला दिवस. घंटा होते. पर्यवेक्षक प्रश्नपत्रिका वाटत वाटत तुमच्या बाकापर्यंत येतात आणि एकाएकी तुमच्या छातीत धडधडू लागते. इतक्या जोराने, की पुढच्या बाकावरच्या मुलालाही ते ऐकू जात असेल असे वाटावे. हात गार पडतात, तळव्यांना घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. प्रश्नपत्रिकेवरची अक्षरे दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत. मग मनात येते, "माझ्या हृदयाला काही झाले तर नाही ना?" आणि हा विचार येताच धडधड आणखी वाढते.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. कुणाला तो परीक्षेत येतो, कुणाला भाषणाला उभे राहिल्यावर, तर कुणाला रात्री अंथरुणावर पडल्यावर, वरवर पाहता काहीच कारण नसताना. 'भित्रा' म्हणून सगळे हसतील, या लाजेने पुष्कळ जण तो घरीदेखील सांगत नाहीत. अशा वेळी शरीरात नेमके काय घडते आणि आपण काय करू शकतो, हे आज पाहू.

प्रथम नाडी मोजा

उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाच्या बाजूला ठेवा. घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात किती ठोके पडतात ते मोजा. शांत बसलेल्या मोठ्या मुलाची नाडी साधारणपणे ६० ते १०० च्या दरम्यान असते. ती ७० आहे असे धरले, तर दिवसाच्या १,४४० मिनिटांत हृदय १,००,८०० वेळा आकुंचन पावते. एवढ्या ठोक्यांपैकी आपल्याला एकही सहसा जाणवत नाही. ठोके जलद, जोरात किंवा अनियमित पडले, अथवा आपले सगळे लक्ष छातीकडे लागले, की ते जाणवू लागतात. या जाणिवेलाच आपण 'धडधड' म्हणतो.

आता जागच्या जागी तीस उड्या मारा आणि पुन्हा नाडी मोजा. ती बरीच वाढलेली आढळेल. तरीही तुम्ही घाबरला नाहीत, कारण ती का वाढली हे तुम्हांला ठाऊक आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

लगाम आणि चाबूक

हृदय स्वतःचा ताल स्वतःच धरते. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींची एक लहानशी गाठ असते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी १९०७ साली तिचे वर्णन केले. या गाठीतून ठरावीक अंतराने विद्युत्-संदेश निघतात आणि हृदयाचे स्नायू आकुंचन पावतात.

या गाठीला दोन प्रकारच्या चेता येऊन मिळतात. परानुकंपी संस्थेतील व्हेगस चेता लगामासारखी ठोके मंद करते. अनुकंपी संस्थेच्या चेता चाबकासारखे काम करून ते जलद करतात. ज्याच्यावर हृदयरोपण झाले आहे, त्याच्या नव्या हृदयाच्या चेता शस्त्रक्रियेत तुटलेल्या असतात. असे हृदय विश्रांतीतही मिनिटाला सुमारे ९० ते ११० ठोके देते. यावरून दिसते, की एरवी आपण शांत बसलेले असताना व्हेगसने लगाम खेचून धरलेला असतो. हा लगाम नुसता सैल झाला, तरी हृदयाचा वेग वाढतो.

दोन बेडकांची हृदये

चेता हृदयाला निरोप कसा देते, हे ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी यांनी शोधून काढले. त्याची हकीकत त्यांनीच सांगितली आहे. एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला. त्यांनी अर्धवट झोपेत तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली. या वेळी मात्र ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी दोन बेडकांची हृदये क्षारद्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगस चेतेला उत्तेजन देताच त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्याभोवतीचे द्रावण घेऊन त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिले. त्याच्या चेतेला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावले! म्हणजे चेतेच्या टोकाशी एखादे रसायन सुटत असले पाहिजे. हा शोध १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली लोवी यांना हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ठोके मंद करणारे ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

चाबकाच्या बाजूलाही अशीच रसायने असतात. त्यांपैकी ॲड्रेनॅलीन हे संप्रेरक मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून थेट रक्तात मिसळते.

मांजर, कुत्रा आणि प्रश्नपत्रिका

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९११ साली एक प्रयोग केला. मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि त्यापूर्वीचे व नंतरचे मांजराचे रक्त तपासले. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथींचा स्राव आढळला. अशा प्रयोगांवरून कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले, की भीतीच्या वेळी शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते.

आता परीक्षेतली लक्षणे एकेक करून पाहा. स्नायूंना जास्त रक्त हवे, म्हणून हृदय वेगाने धडधडते. ते रक्त कातडीकडून वळवले जाते, म्हणून हात गार पडतात. पचनाचे काम मागे पडते, म्हणून तोंड कोरडे होते व पोटात गोळा येतो. पळताना अंग तापणार, म्हणून आधीच घाम सुटतो. प्रत्येक लक्षणाला काही अर्थ आहे. बिबट्या समोर आला असता, तर याच तयारीने तुमचा जीव वाचवला असता. अडचण एवढीच, की समोर बिबट्या नसून प्रश्नपत्रिका आहे. पळायचे तर नाहीच, उलट तीन तास बसून राहायचे आहे. म्हणजे या वेळी हृदय बिघडलेले नसते. मेंदूने धोक्याची घंटा वाजवली आणि हृदयाने ती मानली, इतकेच.

भीतीचे रहाटगाडगे

मग कधीकधी ही धडधड वाढतच का जाते? उड्या मारल्यावर तुम्ही घाबरला नव्हता, कारण तुम्हांला कारण ठाऊक होते. बाकावर बसल्याबसल्या धडधडले, तर कारण दिसत नाही आणि मन सर्वांत वाईट कारण शोधते : "हा हृदयविकाराचा झटका!" या विचाराने भीती वाढते, भीतीने ॲड्रेनॅलीन वाढते, त्याने ठोके वाढतात आणि विचार खरा वाटू लागतो. रहाटगाडगे फिरू लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली तीव्र भीतीच्या झटक्यांचा उलगडा याच चक्रावरून केला.

श्वास या चक्राला आणखी गती देतो. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणापेक्षा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर आल्यासारखे वाटते, बोटांना व ओठांना मुंग्या येतात. तो समजतो, "मला श्वास पुरत नाही," आणि आणखी जोराने श्वास घेतो.

'काळजाचा ठोका चुकला' असे आपण म्हणतो. तसा ठोका खरोखरच जाणवू शकतो. एखादा ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर थोडा जास्त खंड पडतो आणि तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरल्यामुळे पुढचा ठोका जोराने पडतो. असे अधूनमधून निरोगी माणसालाही होते.

भीतीचा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. भीती गेल्याबरोबर धडधड थांबत नाही, कारण रक्तातले ॲड्रेनॅलीन नाहीसे व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढा धीर धरायचा असतो.

गाडगे थांबवायचे कसे?

१. त्याला नाव द्या. मनात म्हणा, "हे ॲड्रेनॅलीन आहे. हे उतरणार आहे." धडधड दाबून टाकण्याची धडपड करू नका.

२. श्वास सावकाश सोडा. एक ते चार मोजत नाकाने श्वास घ्या आणि एक ते सहा मोजत सोडा. असे दोन-तीन मिनिटे करा. छाती फुगवून मोठमोठे श्वास घेऊ नका. त्याने मुंग्या व चक्कर वाढू शकते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही करू नका, तो धोक्याचा ठरू शकतो.

३. लक्ष बाहेर वळवा. पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या, सोपा प्रश्न शोधून पहिली ओळ लिहा. दर मिनिटाला नाडी चाचपत बसू नका, त्याने लक्ष पुन्हा छातीकडेच जाते.

४. पळून जाऊ नका. वर्ग सोडून गेलात तर क्षणभर बरे वाटते. पण 'पळालो म्हणून वाचलो' असा धडा मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी घंटा लवकर वाजवतो.

परीक्षेच्या दिवसांत जागरणे आणि वरचेवर चहा-कॉफी टाळा. या दोहोंनीही धडधड वाढू शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

प्रत्येक धडधड भीतीची नसते. पंडुरोग, ताप, थायरॉइड ग्रंथीचा विकार, काही औषधे आणि हृदयाच्या तालातील दोष यांमुळेही ती होते. म्हणून धडधड वारंवार होत असेल, तर एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी. कारण आपले आपणच ठरवू नये. पळताना किंवा खेळताना धडधडून भोवळ आली, शुद्ध हरपली, छातीत दुखले, शांत बसलेले असतानाही दम लागला किंवा दिव्याचे बटण दाबावे तशी धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबली, तर विलंब लावू नये. कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे.

तपासणीत हृदय निर्दोष ठरले आणि तरीही झटके येत राहिले, तर 'काही नाही, मनाचे खेळ' म्हणून सोडून देऊ नये. त्रास खराच असतो आणि त्यावर मानसोपचाराने चांगला गुण येतो. भारत सरकारच्या 'टेली-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री विनामूल्य बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

शिक्षकांना एक विनंती. असा विद्यार्थी दिसला, तर "घाबरतोस काय?" असे सर्वांसमोर म्हणू नका. शेजारी बसा, हळू आवाजात बोला आणि त्याच्याबरोबर स्वतःही सावकाश श्वास सोडा.

आणि तुम्ही? पुढच्या परीक्षेला घंटा होईल तेव्हा छातीत कदाचित पुन्हा धडधडेल. त्या वेळी कीथ-फ्लॅकची गाठ आठवा, लोवींचे बेडूक आठवा, सावकाश श्वास सोडा आणि पहिला प्रश्न लिहायला घ्या.

करून पाहा

१. शांत बसून नाडीवर बोटे ठेवा. अगदी सावकाश श्वास घ्या व सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळजवळ पडतात आणि सोडताना लांबतात, असे आढळते का? व्हेगसचा लगाम केव्हा सैल होतो व केव्हा ताणला जातो?

२. तीस उड्या मारल्यानंतर नाडी पूर्ववत होण्यास किती मिनिटे लागतात ते मोजा. दर मिनिटाची नोंद करून आलेख काढा.

३. भीतीच्या वेळी दिसणाऱ्या पाच लक्षणांची यादी करा आणि प्रत्येकाचा पळण्याशी किंवा लढण्याशी काय संबंध आहे ते लिहा.